एमईएमएस आरशावर ४.६ मायक्रॉनची मेटालेन्स: आधी लेन्स की आधी रिलीज?

लेन्सकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन अक्षांवर झुलणाऱ्या सिलिकॉनच्या सूक्ष्म आरशावर (एमईएमएस, म्हणजे चिपवर कोरलेली हलती यंत्रणा) थेट मेटासरफेस लेन्स (मेटालेन्स, म्हणजे तरंगलांबीहून लहान चकत्यांनी प्रकाशाची फेज बदलणारी सपाट लेन्स) घडवायची आहे. तरंगलांबी ४.६ मायक्रॉन, स्रोत क्वांटम कॅस्केड लेसर, उपयोग पुढे कार्बन मोनॉक्साइडच्या मोजणीसाठी. कल्पना नवी नाही. आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरी आणि हार्वर्डच्या गटाने २०१८ मध्ये मिड-इन्फ्रारेडची सपाट लेन्स एमईएमएस स्कॅनरवर बसवून दोन्ही अक्षांवर ±९ अंश फिरवून दाखवली आहे. मलाही तेवढाच कोन हवा आहे.

सध्याचं डिझाइन असं: एसओआय वेफर (ऑक्साइडवर पातळ सिलिकॉन बसवलेला), डिव्हाइस लेअर (वरचं सिलिकॉन, ज्यातून प्लेट कोरायची) २ मायक्रॉन, बॉक्स ऑक्साइड (मधला पुरलेला थर) २ मायक्रॉन, हँडल (खालचं जाड सिलिकॉन) ४०० मायक्रॉन. प्लेट १ मिमी चौरस, लेन्सचा व्यास ०.८ मिमी, फोकल लेंग्थ ५ मिमी. थर खालून वर: टायटॅनियम ५ नॅनोमीटर, सोनं २०० नॅनोमीटर, पीईसीव्हीडी (प्लाझ्माच्या मदतीने वायूतून बसवलेलं) ऑक्साइड ४०० नॅनोमीटर (हा स्पेसर), त्यावर ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या चकत्या, पिच (शेजारच्या चकत्यांच्या केंद्रांतलं अंतर) २ मायक्रॉन. रिलीज (प्लेट खालून मोकळी करणं) व्हेपर एचएफने, म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाफेने, करायचा विचार आहे. टॉर्शन बार (प्लेटला धरणारे, पिळले जाणारे दांडे) १० मायक्रॉन रुंद, २ मायक्रॉन जाड. चालना व्हर्टिकल कोंब ड्राइव्हने (एकमेकांत शिरणाऱ्या कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडने), रेझोनन्सवर, १ किलोहर्ट्झच्या आसपास.

प्रश्न तीन. लेन्स आधी करू की रिलीजनंतर? थरांच्या ताणाने प्लेट किती वाकेल? आणि प्लेट ९ अंश कलली की फोकसचं काय होईल?

फॅबवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: लेन्स आधी. रिलीज झालेल्या, भोकं पडलेल्या वेफरवर ई-बीमचा (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी लिहिण्याचा) रेझिस्ट नीट स्पिन होत नाही. कडांना जाड बसतो, कोंबच्या फटींत शिरतो, आणि व्हॅक्यूम चकवर प्लेट तुटते ते वेगळंच. पण तुमच्या थरांची रचना आणि रिलीजची पद्धत एकमेकांच्या मुळावर उठलेल्या आहेत, ते आधी बघा.

व्हेपर एचएफ बॉक्स ऑक्साइड खातं तसं तुमचं ४०० नॅनोमीटरचं स्पेसर ऑक्साइडही खाईल, आणि पीईसीव्हीडी ऑक्साइड थर्मलपेक्षा लवकर जातं. चकत्यांच्या खालून स्पेसर गेला की चकत्या सोन्याच्या थरावर जाऊन बसतात, म्हणजे लेन्स संपली. टायटॅनियमचंही तेच. एचएफमध्ये ते झपाट्याने जातं आणि वरचं सोनं सालीसारखं सुटतं. चिकटथराला क्रोमियम घ्या, ३ ते ५ नॅनोमीटर.

दुसरं म्हणजे, २ मायक्रॉनच्या बॉक्सने तुम्हाला ९ अंश मिळणारच नाहीत. अर्धी प्लेट ०.५ मिमी, साइन ९ अंश ०.१५६, म्हणजे कड ७८ मायक्रॉन खाली जायला हवी. खाली मोकळी जागा आहे २ मायक्रॉन. तेव्हा प्लेटखालचं हँडल मागून डीआरआयईने (प्लाझ्माने खोल, सरळ कोरून) पूर्ण काढणं भागच आहे. आणि ते काढलंत की एचएफची गरजच उरत नाही. बॉक्स मागच्याच बाजूने, त्याच पोकळीतून, फ्लोरिनच्या आरआयईने (साध्या प्लाझ्मा-कोरणीने) काढता येतो. स्पेसर ऑक्साइड शाबूत राहतं.

क्रम मी असा लावेन. सोन्याचा बॅक रिफ्लेक्टर फक्त लेन्सच्या वर्तुळापुरता, लिफ्ट-ऑफने (बाकीचा धातू खालच्या रेझिस्टसह उचलून). मग स्पेसर, तोही तेवढ्याच भागात. मग ई-बीम: एमएमए-पीएमएमए या रेझिस्टांचा दुहेरी थर, म्हणजे कडेला अंडरकट मिळतो आणि चकत्यांना कान फुटत नाहीत. धातू इव्हॅपोरेशननेच, स्पटरिंगने नको, कारण स्पटरिंगमध्ये रेझिस्टच्या भिंतीही मढतात. ०.८ मिमीच्या वर्तुळात २ मायक्रॉन पिचने सुमारे सव्वा लाख चकत्या येतात. आकडा मोठा वाटतो, पण १०० किलोव्होल्टला, १० नॅनोअँपिअरवर, पीएमएमएचा डोस १००० मायक्रोकूलॉम प्रति चौरस सेंमी धरला तर एका लेन्सचं लेखन तीनेक मिनिटांचं. स्टेज हलण्याचा वेळ वेगळा. डोस टेस्ट मात्र टाळू नका. रेझोनन्सजवळच्या चकतीच्या व्यासात २०–३० नॅनोमीटर इकडचे तिकडे झाले तरी फेज बरीच सरकते.

त्यानंतर समोरून डीआरआयई करून प्लेट, बार आणि कोंब. यावेळी लेन्सवर रेझिस्टचं जाड पांघरूण हवंच. प्लाझ्मात उघडं राहिलेलं सोनं उडून आजूबाजूला बसतं आणि तिथे सिलिकॉनचं गवत उगवतं. बऱ्याच फॅबमध्ये सोनं असलेला वेफर डीआरआयईत घेतच नाहीत, किंवा त्यासाठी वेगळं चेंबर असतं. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅममधून आयआयटी मुंबई किंवा बंगळूरच्या आयआयएससीकडे अर्ज करणार असाल, तर प्रोसेस फ्लो पाठवतानाच सोन्याचा थर कोणत्या पायरीला येतो ते स्पष्ट लिहा. मागाहून सांगितलंत तर अख्खा फ्लो बदलावा लागू शकतो. बॉक्सवर पोहोचताना लो-फ्रिक्वेन्सी पल्स्ड बायस लावा. नाहीतर ऑक्साइडवर चार्ज साठून आयन आडवे वळतात आणि टॉर्शन बार खालून कोरले जातात.

शेवटी मागची बाजू. वेफर कॅरिअरवर (आधाराच्या दुसऱ्या वेफरवर) चिकटवा, ८ ते १० मायक्रॉन रेझिस्ट, ४०० मायक्रॉन डीआरआयई. कॅरिअर नसेल तर एच (कोरणं) संपत आल्यावर बॉक्सचा पडदा हेलियमच्या दाबाने फुटतो, सोबत बारही नेतो. थर्मल ऑक्साइडला मुळातच ३०० मेगापास्कलच्या आसपास दाबताण असतो, त्यामुळे पडदा सुरकुततोच. समोरचा रेझिस्ट तेवढा वेळ सगळं धरून ठेवतो. मग बॉक्स आरआयईने, आणि सर्वांत शेवटी रेझिस्ट ऑक्सिजन प्लाझ्माने. रिलीजनंतर ओलं काहीही नको.

टॉर्शनबार

फॅबवाल्यांचा क्रम पटतो. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर लेन्सकरांना डिव्हाइस लेअर बदलावा लागेल, म्हणून वेफर मागवण्याआधी हे वाचा.

स्टोनीचं सूत्र (थराच्या ताणाने प्लेट किती वाकते ते सांगणारं) लावू. वक्रतेची त्रिज्या = सिलिकॉनचा बायअ‍ॅक्शियल मॉड्युलस (१८० गिगापास्कल) × प्लेटच्या जाडीचा वर्ग ÷ (६ × फिल्मचा ताण × फिल्मची जाडी). इव्हॅपोरेट केलेल्या सोन्याचा ताण १०० मेगापास्कल धरा, जाडी तुमची २०० नॅनोमीटर. २ मायक्रॉनच्या प्लेटला त्रिज्या येते फक्त ६ मिमी. ०.८ मिमी व्यासावर खोली १३ मायक्रॉन. परावर्तनात प्रकाशाची वाट दुप्पट बदलते, म्हणजे २६ मायक्रॉन. आणि तुमच्या लेन्सला काठापर्यंत मिळून द्यायचा आहे १६ मायक्रॉनचा फरक (०.४ चा वर्ग भागिले १०, मिमीत). म्हणजे प्लेटचं वाकणंच लेन्सपेक्षा मोठं झालं. एवढ्या वाकण्यात स्टोनी काटेकोर लागू पडत नाही, पण निष्कर्ष बदलत नाही: २ मायक्रॉन विसरा.

१० मायक्रॉन जाडीला तीच त्रिज्या १५० मिमी होते, खोली अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आता २०० नॅनोमीटर सोनं तरी कशाला हवं? ४.६ मायक्रॉनला सोन्यात क्षेत्र साधारण २०–२५ नॅनोमीटरमध्ये विरतं. १०० नॅनोमीटर सोन्यातून पलीकडे काही जात नाही. सोनं निम्मं केलंत की ताणाचा जोर निम्मा, त्रिज्या ३०० मिमी, खोली ०.२७ मायक्रॉन. वरच्या चकत्या सुट्या आहेत, सलग थर नाही, त्यांचा ताण यात फार धरू नका. स्पेसरचा मात्र धरा. त्याचा ताण बहुधा दाबाचा असतो आणि सोन्याच्या उलट दिशेने ओढतो. मोजून जुळवता आला तर फुकटचा फायदा आहे.

बारचं: १० रुंद × २ जाड असो की २ रुंद × १० जाड, पिळाला लागणारा जोर सारखाच, उलट उभ्या दिशेने बार फार ताठ होतो. पण प्लेटचं जडत्व पाचपट झाल्यामुळे ५०० मायक्रॉन लांबीच्या अशा बारने तुम्ही २५० हर्ट्झच्या आसपास याल. ५ रुंद × १० जाड × ५०० लांब घेतले तर ९०० हर्ट्झच्या घरात बसतं. ९ अंशांना बारमधला शिअर ताण १०० मेगापास्कलच्या आसपास, सिलिकॉनला तो सहज पेलतो.

फ्रिक्वेन्सी काढताना थरांचं वजन विसरू नका. प्लेटचं सिलिकॉन २३ मायक्रोग्रॅम. प्लेटभर १०० नॅनोमीटर सोनं १.९, ऑक्साइड ०.९, चकत्या ०.३. तुमचे मूळचे २०० नॅनोमीटर ठेवलेत तर एकट्या सोन्याचेच ३.९. फिल्म फक्त वर्तुळात ठेवली तर सगळं याहून कमी, आणि कोपरे रिकामे राहिल्यामुळे जडत्वात तर आणखी कमी.

आणि १० किलोहर्ट्झला पळवायचा मोह झाला तर: रेझोनन्सला प्लेट स्वतःच्या जडत्वानेही वाकते. हे वाकणं फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने आणि रुंदीच्या पाचव्या घाताने वाढतं, जाडीच्या वर्गाने घटतं. १ मिमी रुंद, १० मायक्रॉन जाड, ९ अंश, १ किलोहर्ट्झला टोकाशी ३० नॅनोमीटर, म्हणजे नगण्य. १० किलोहर्ट्झला ३ मायक्रॉन, आणि तेही दर फेरीला दिशा बदलणारं.

किरणमार्ग

कलण्याच्या प्रश्नाकडे येतो. येणारा किरण स्थिर आणि प्लेट ९ अंश कलली, तर लेन्सच्या दृष्टीने किरण ९ अंश तिरका आला. परावर्तित किरण १८ अंश वळतो. फोकस बाजूला सरकतो सुमारे दीड मिमी. दोन्ही बाजू मिळून ३ मिमीची पट्टी, ठिपक्याची अर्धउंचीची रुंदी ३० मायक्रॉन (१.०३ × ४.६ × ५ ÷ ०.८), म्हणजे एका अक्षावर शंभरेक वेगळे ठिपके. गॅसच्या मोजणीला हे पुरेसं असावं.

ठिपका बिघडेल का? तुमची लेन्स एफ/६.२५ आहे, मंद आहे, त्यामुळे फारसा नाही. कोमाचा (तिरक्या किरणाने ठिपका शेपटीसारखा पसरण्याचा) वेव्हफ्रंट दोष = कोन × त्रिज्येचा घन ÷ (२ × फोकल लेंग्थचा वर्ग). ०.१५७ × ०.०६४ ÷ ५० म्हणजे ०.२ मायक्रॉन, तरंगलांबीच्या वीसाव्या भागाहून कमी. अ‍ॅस्टिग्मॅटिझम ०.४ मायक्रॉन. सगळं मिळूनही डिफ्रॅक्शनच्या मर्यादेच्या आसपासच. पण उद्या कोणी म्हणालं ‘लहान ठिपका पाहिजे, फोकल लेंग्थ १.५ मिमी करा’, तर तोच कोमा २.२ मायक्रॉन होतो, अर्धी तरंगलांबी, आणि ठिपक्याला शेपूट फुटते.

प्लेट थोडी वाकलेली असण्याचंही गणित इथेच. ३०० मिमी त्रिज्येचा आरसा म्हणजे १५० मिमीची लेन्स. ५ मिमीच्या लेन्ससोबत ती जोडली की फोकस ४.८४ वर येतो. फोकसची खोली ±०.३६ मिमी आहे, त्यामुळे ०.१६ चा फरक खपून जातो. लेसरची तरंगलांबी ±२ टक्के फिरवलीत तर फोकस उलट दिशेने ±०.१ मिमी सरकेल, कारण अशा लेन्सची फोकल लेंग्थ तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. मात्र दोन्ही चुका एकाच दिशेने पडल्या तर शिल्लक फार राहत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी विचारलेली नाही: ५ मिमी फोकल लेंग्थमध्ये प्रकाश आत कुठून घालणार? लंब दिशेने आला तर परावर्तित किरण त्याच वाटेने परत. मध्ये बीमस्प्लिटर बसवायला जागाच नाही. डिझाइन पहिल्यापासून तिरक्या किरणासाठी करा. ३० अंशांनी आत, ३० अंशांनी दुसऱ्या बाजूला बाहेर, आणि चकत्यांची फेज त्या बाहेरच्या बिंदूपर्यंतचं नेमकं अंतर धरून काढा. लंब किरणासाठी काढलेला फेज नकाशा तिरका वापरला तर मघाचा कोमा ३० अंशांच्या हिशेबाने मोजावा लागेल. पिच ४.६ ÷ (१ + साइन ३०) = ३.०७ मायक्रॉनच्या खाली हवी, तुमची २ आहे, चालेल. तिरकेपणामुळे किरणाचा ठसा १५ टक्के लांबतो, म्हणून बीम ०.६५ मिमीच्या वर नेऊ नका. चकत्यांची लायब्ररीही (कोणत्या व्यासाला किती फेज, तो तक्ता) ३० अंशांना आणि तुमच्या ध्रुवीकरणाला काढा. लंब किरणाची तशीच उचलली तर रेझोनन्स सरकलेला सापडेल.

लेन्सकर

आभार. डिव्हाइस लेअर १०, सोनं १००, क्रोमियम, मागून रिलीज, ३० अंश: सगळं घेतलं. आणखी दोन शंका. स्पेसरला ऑक्साइडऐवजी अमॉर्फस सिलिकॉन घेतलं तर थर पातळ होईल, आमच्याकडे पीईसीव्हीडीत ते सहज होतं. आणि हवेचा विरोध टाळायला डिव्हाइस व्हॅक्यूम पॅकेजमध्ये घालावं का? लेसर १०० मिलिवॉट आहे.

टॉर्शनबार

व्हॅक्यूमचा विचार करण्याआधी उष्णता बघा. सोन्याच्या चकत्यांची लेन्स थोडा प्रकाश शोषतेच. १० टक्के धरले तर १० मिलिवॉट प्लेटमध्ये. बाहेर पडायला ५ × १० मायक्रॉनचे, ५०० मायक्रॉन लांबीचे दोन बार, त्यांची मिळून उष्णता-वाहकता ३० मायक्रोवॉट प्रति अंश. नुसत्या बारवर सोडलं तर प्लेट ३०० अंशांहून जास्त तापेल, आणि बाहेरच्या गिंबलचे (दुसऱ्या अक्षाच्या चौकटीचे) बार मालिकेत आहेत ते अजून धरलेच नाहीत. हवेत प्लेटच्या दोन्ही बाजूंनी साधारण १२० मायक्रोवॉट प्रति अंश निघतात, म्हणून वाढ ६५–७० अंशांवर थांबते. थोडक्यात, इथे हवा हाच तुमचा हीटसिंक आहे. व्हॅक्यूमचा क्यू-फॅक्टर (रेझोनन्सची तीव्रता) हवा असेल तर आधी लेसरची पॉवर उतरवा.

या ६५ अंशांचाही परिणाम आहे. सोनं सिलिकॉनपेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं (१४ विरुद्ध २.६, दशलक्षांश प्रति अंश), त्यामुळे तेवढ्या वाढीने सोन्यात सुमारे १०० मेगापास्कल दाबताण येतो, मूळच्या ताणाएवढाच आणि उलटा. म्हणजे लेसर बंद असताना मोजलेला आकार चालू झाल्यावर तसा राहत नाही. उपाय म्हणजे प्लेटच्या मागेही तेवढंच सोनं, पोकळीतून इव्हॅपोरेट करून. ताण आणि तापमान दोन्ही बऱ्यापैकी तोलले जातात. पण ०.८ मिमी भोकाचा सिलिकॉनचा शॅडो मास्क लावूनच करा. उघडं टाकलंत तर सोनं पोकळीच्या भिंतीवरून बॉक्सच्या कडेवर उतरतं आणि डिव्हाइस लेअर हँडलला शॉर्ट होतो. वजन वाढेल, फ्रिक्वेन्सी आणखी काही टक्के उतरेल, बार त्या हिशेबाने ठेवा.

फॅबवाला

पीईसीव्हीडीचं अमॉर्फस सिलिकॉन या तरंगलांबीला नकोच. सायलेनमधून आलेला हायड्रोजन त्यात राहतो आणि सिलिकॉन-हायड्रोजन बंधाचं शोषण २००० ते २१०० प्रति सेंमी, म्हणजे ४.८ ते ५ मायक्रॉनला येतं. तुम्ही ४.६ वर, त्याच्या उतारावर बसाल. आणि स्पेसरमध्येच क्षेत्र सर्वांत तीव्र असतं, त्यामुळे थोडं शोषणही महागात पडतं. वर आत्ता उष्णतेचं गणित झालंच आहे. स्पटर किंवा ई-बीम इव्हॅपोरेशनचं सिलिकॉन चालेल, पण चकत्यांचे व्यास नव्याने काढा, त्या बऱ्याच लहान होतील. पीईसीव्हीडी ऑक्साइडमध्येही सिलिकॉन-हायड्रोजन ४.४ मायक्रॉनच्या आसपास दिसू शकतो. कोऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर तोच थर देऊन एफटीआयआर (अवरक्त शोषणाचा वर्णपट) काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. एएलडीचं (एकेक अणुथराने बसवलेलं) अ‍ॅल्युमिना उत्तम, व्हेपर एचएफलाही दाद देत नाही, पण एका सायकलला ०.१ नॅनोमीटरने ४०० नॅनोमीटर म्हणजे ४००० सायकली. यंत्र तेवढा वेळ कोण देईल ते बघा.

अवरक्त_बेंच

मोजणीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. प्लेटची वक्रता व्हाइट-लाइट प्रोफाइलोमीटरने बघाल, तर लेन्सच्या भागावरचा आकडा घेऊ नका. चकत्या, पारदर्शक ऑक्साइड आणि खालचं सोनं, तिन्हींची परावर्तन-फेज वेगळी, त्यामुळे यंत्र नसलेले डोंगर दाखवतं. लेन्सभोवती जी कोरी कड उरते तिथे मोजा, किंवा चिप उलटी करून पोकळीतून प्लेटची पाठ मोजा. पाठ गुळगुळीत आणि एकाच पदार्थाची असते.

जुळवणीला लाल डायोड लेसर वापरता येतो, पण त्याचा फोकस शोधत बसू नका. २ मायक्रॉन पिचची जाळी लाल प्रकाशाला ग्रेटिंग वाटते, भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी पडते. त्यातला आरशासारखा परावर्तित होणारा मधला ठिपका धरा आणि तेवढ्यावर अक्ष जुळवा. खिडक्या कॅल्शियम फ्लोराइड किंवा झिंक सेलेनाइडच्या. नेहमीची ऑप्टिकल काच ४.६ ला बंद दार आहे.

ठिपका ३० मायक्रॉनचा आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल १५ मायक्रॉनचा असेल तर रुंदीवर दोनच पिक्सेल येतात. त्यावर गाउसियन बसवून आकडा छापू नका. ब्लेडची धार ट्रान्सलेशन स्टेजवर २ मायक्रॉनच्या पावलाने सरकवा, मागे एमसीटी (अवरक्त) डिटेक्टर, लेसरला चॉपर (किरण ठरावीक वेगाने तोडणारी चकती) आणि लॉक-इन (त्याच वेगाचा सिग्नल वेगळा काढणारं यंत्र). ही मोजणी तीन स्थितींत हवी: प्लेट स्थिर आणि लेसर मंद, प्लेट स्थिर आणि लेसर पूर्ण, प्लेट झुलती. झुलत्या स्थितीत चॉपर काढा, लॉक-इन बंद, आणि ऑसिलोस्कोप ड्राइव्ह सिग्नलवर ट्रिगर करून टोकाच्या क्षणाचा नमुना घ्या, कारण टोकाला वेग शून्य असतो. पहिल्या दोन आकड्यांत फरक दिसला तर तो तापण्याचा. तिसरा वेगळा आला तरच प्लेटच्या गतीकडे बोट दाखवा.

लेन्सकर

पटलं. एक साथीदार म्हणतो, आरसा कोरा ठेवा आणि लेन्स स्वतंत्र चिपवर करा, एवढी यातायात कशाला?

किरणमार्ग

साथीदाराचं म्हणणं वावगं नाही. पॅकेजमध्ये जागा असेल आणि स्कॅनिंगच हवं असेल तर दोन चिप स्वस्त पडतात, एक बिघडली तर एकच बदलायची. पण मग लेन्स आरशाच्या आधी असेल तर ५ मिमीतले काही मिमी वाटेत जातात, आणि नंतर असेल तर ती १८ अंशांपर्यंतच्या तिरक्या किरणांसाठी दुरुस्त करावी लागते, सोबत व्यासही वाढतो. एकाच प्लेटवर असताना लेन्सला फक्त ९ अंश सोसावे लागतात. आणि कोन नको, फोकस पुढेमागे हवा असेल तर रचनाच वेगळी घ्या. कॅलटेकच्या गटाने २०१८ मध्येच दोन मेटासरफेस समोरासमोर ठेवून त्यातला एक एमईएमएसने फक्त १ मायक्रॉन हलवला आणि ६० डायॉप्टरहून जास्त, म्हणजे सुमारे ४ टक्के, फरक मिळवला. तिथे प्लेट झुकवायची नसते, त्यामुळे ७८ मायक्रॉनच्या पोकळीचा प्रश्नच येत नाही.

लेन्सकर

एकाच प्लेटवरच करतो. वेफर कापायचा कसा? आमच्याकडे पाण्याच्या फवाऱ्याची डायसिंग सॉ आहे.

फॅबवाला

रिलीजनंतर ती सॉ नको. पाण्याचा फवारा प्लेटा घेऊन जाईल. मागच्या डीआरआयईच्या मास्कमध्येच चिपभोवती १०० मायक्रॉन रुंदीचे चर काढा, प्रत्येक बाजूला १५० मायक्रॉनचे दोन सांधे ठेवा. समोरच्या एचमध्येही तीच रेघ हवी, नाहीतर १० मायक्रॉनचा डिव्हाइस लेअर सलग राहून वेडावाकडा तुटतो. चर पोकळीपेक्षा अरुंद असल्यामुळे डीआरआयईत मागे राहतो. एचची वेळ पोकळीवर नाही, चरावर ठरवा. रेझिस्ट काढण्याआधी चिपा चिमट्याने सुट्या करा, मग त्या ऑक्सिजन प्लाझ्मात एकेक ठेवा.